पुढचं घर पाहुण्यांचं

माझी भावजय नेल समुद्रापासून दोनशे पावलांवर राहते, पण उन्हाळ्यातला समुद्र तिनं घरात बसून कधी बघितला नव्हता. हे ऐकून तुम्हाला चमत्कारिक वाटत असेल, तर तुम्ही आमच्या गावचे नाही.

आमच्याकडे रीतच तशी. जूनची एक तारीख उजाडली की पुढचं घर पाहुण्यांचं. आपण आपल्या गाद्या, किटली, मांजर आणि संडासाच्या भिंतीवर टांगतात ते वाढदिवसांचं कॅलेंडर उचलायचं आणि परसातल्या दोन खोल्यांत मुक्काम हलवायचा, तो थेट सप्टेंबरपर्यंत. मी त्याच घरात जन्मले. आम्ही नऊ माणसं त्या दोन खोल्यांत, आणि पुढे ॲमस्टरडॅमची नाहीतर जर्मनीची मंडळी आमच्या पलंगांवर लोळताहेत. आई दटावायची, "हळू बोला मेल्यांनो, पाहुणे झोपलेत!" भिंतीवरचे आमचे फोटोसुद्धा काढून खणात ठेवायचे. सुट्टीवर आलेल्या माणसाला दुसऱ्याची आजी कशाला बघायचीय? हेरिंग मासळीच्या होड्या बंद झाल्या तसे पाहुणेच आमचं पीक झाले, आणि पिकाला कोणी नावं ठेवत नाही.

नेल शेजारच्या गावातली, ट्यूलिपचे कंद लावणाऱ्यांच्या घरातली. माझ्या धाकट्या भावाशी, यापशी, तिचं लग्न झालं ते मे महिन्यात. वीस दिवस पुढच्या घरात राणीसारखी राहिली, आणि एक जूनला यापनं तिच्या हातात गादीचं एक टोक दिलं.

"कुठं चाललोय आपण?" तिनं विचारलं.

"सुट्टीवर," याप म्हणाला.

त्यानंतर चव्वेचाळीस उन्हाळे ती बाई परसात राहिली. सकाळी बेकरीत पाव विकायची, दुपारी पाहुण्यांच्या चादरी धुवायची, संध्याकाळी त्यांच्या पोरांनी आणलेली वाळू झाडायची. तोंडानं शीळ चालूच. बसलेली मी तिला फार कमी वेळा पाहिली. बसलीच तर काठावर, कोणीतरी हाक मारणारच आहे अशा बेतानं.

याप जाऊन तीन वर्षं झाली. तो गेल्यावर गल्लीतली घरं एकेक करून विकली गेली. अकरा घरांपैकी तीन घरांत हिवाळ्यात दिवा दिसतो. बाकीच्यांचे मालक शहरात, आणि किल्ल्या कुठल्यातरी कंपनीकडे. किमती तर विचारूच नका. आमच्या बापानं जे घर बांधलं ते आता नऊ लाख युरोंचं म्हणे! त्या घरात पावसाळी दिवसांत तीन बादल्या ठेवाव्या लागतात. नाकापेक्षा मोती जड.

हा नऊ लाखांचा आकडा काढला होखलँड नावाच्या दाताच्या डॉक्टरनं. एकोणीस वर्षं दर जुलैत पुढच्या घरात राहायला येणारा माणूस, सभ्य, आपली भांडी आपण घासणारा. त्यानं पत्र पाठवलं: घर मला द्या, तीस जूनपर्यंत कळवा.

पत्र आलं त्या आठवड्यातल्या रविवारी नेलची मुलगी मारिट कॉफीला आलेली होती. ती तिकडे देशाच्या आत, ड्रेंथे प्रांतात राहते. तिथं समुद्र नाही, गर्दी नाही, आणि घरं आमच्या एक तृतीयांश किमतीत.

"आई, हे देवानं पाठवलंय," मारिट म्हणाली. "वीक आणि माझ्याजवळ ये. गुडघे बघ तुझे. हा जिना आहे की शिडी?"

"चव्वेचाळीस वर्षं चढतेय," नेल म्हणाली.

"म्हणूनच गुडघे गेले! आत्या, तूच सांग हिला."

मी डब्यातून दुसरं बिस्कीट घेतलं. आमच्यात एका कॉफीला एकच बिस्कीट, पण मला कोण बोलणार? "मी कशाला सांगू? माझा फायदा ती इथं राहण्यात आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोला? मी बहात्तर वर्षांची, घर सोडल्यापासून भाड्याच्या फ्लॅटमध्ये. हिवाळ्यात माझ्याशी पत्ते खेळायला गावात नेल सोडून कोण उरलंय? ती गेली तर मी भिंतीशी खेळू?

"बघ आई, आत्या निदान खरं तरी बोलते," मारिट म्हणाली. शेवटी असं ठरलं की नेलनं आधी राहून बघायचं. मारिटच्या शेजारचं घर सामानासकट वर्षभर रिकामं होतं. मे-जून तिथं काढायचे, मग काय ते डॉक्टरला कळवायचं. यंदा जूनसाठी पाहुणे घेतलेच नाहीत.

नेल गेली आणि तिचे फोन यायला लागले. "वन्सं, जिना नाही हो! चार खोल्या आहेत. रस्त्यातून जाणारा प्रत्येक जण हात करतो. बागेत सफरचंदाचं झाड आहे."

"वा वा," मी म्हणायची, आणि फोन ठेवून एकटीच पत्ते मांडून बसायची. नेलचं भलं होतंय याचा मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. काय करू?

तीन जूनला सकाळी मारिटचा फोन. "आत्या, आईचं काहीतरी बिनसलंय. ती बागेतल्या अवजारांच्या खोलीत राहायला गेलीय."

"काय गेलीय?"

"राहायला! गादी, किटली, सगळं घेऊन. घरात सगळ्या पलंगांवर कोऱ्या चादरी घातल्यात. माझ्या मुलांचे फोटो काढून खणात ठेवलेत. डॉक्टरांना दाखवू का गं? हे विसरण्याचं दुखणं असंच सुरू होतं म्हणतात."

मी एवढी हसले की वरचा शेजारी खाली आला. "अगं बाई, तारीख काय आज? जित्याची खोड आहे ती! डॉक्टर नको, मीच येते."

मोसमातला नवा हेरिंग त्याच आठवड्यात आला होता. सहा मासे कांद्यासकट डब्यात भरले आणि निघाले. दोन बस आणि तीन गाड्या बदलल्या. शेवटच्या गाडीत माझ्या आसपासच्या चार बाकांवर कोणी बसेना. मी पाय पसरून गेले.

नेल अवजारांच्या खोलीच्या दारात बटाटे सोलत होती. आत गवत कापायचं यंत्र एका कोपऱ्यात ढकललेलं, सायकली भिंतीला टेकवलेल्या, आणि मध्ये पलंग, नीट अंथरलेला. खिडकीला पडदासुद्धा!

"नेल," मी म्हटलं, "पाहुणे कोण येणारेत?"

ती लाजली. "मारिटनं सांगितलं ना तुम्हाला? वन्सं, खरंच सांगते, डोकं ठिकाणावर आहे माझं. एक तारखेला उठले आणि हात आपोआप चादरी बदलायला लागले. दुपारपर्यंत सगळं आवरून इथं आले, कॉफी केली, पहिला घोट घेतला आणि लक्षात आलं. मग परत जायची लाज वाटली."

"तीन दिवस लाज वाटली?"

"झोप लागली हो इथं," ती म्हणाली. "तिकडे महिनाभर धड लागली नव्हती." बटाटा तसाच हातात ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "वन्सं, एक विचारू? उन्हाळ्यात आपल्या घरात बसून माणूस करतो काय?"

मी त्याच घरात वाढले, पण मला तरी कुठं ठाऊक होतं? आमची आई जुलैत पुढच्या खोलीत शिरायची ती बादली आणि फडकं घेऊनच.

मग मला राग आला. राग आला की माझं तोंड सुटतं. "ते मला काय विचारतेस? त्या दातवाल्याला विचार. तो काय वेडा आहे नऊ लाख द्यायला? एकोणीस वर्षांचे जुलै त्यानं तुझ्या खिडकीत काढलेत. तो काय विकत घेतोय ते त्याला पक्कं माहीत आहे. आणि विकणारीला माहीत नाही! कप्पाळ माझं! वीक, खुशाल वीक, मी आडवी येणार नाही. पण आधी ते काय आहे ते एकदा बघ तरी."

मारिट मागे येऊन कधी उभी राहिली होती कोण जाणे. तिनं आईच्या हातातला बटाटा घेतला. "आई," ती म्हणाली, "महिना बाकी आहे. जा, बघून ये. नंतर तू म्हणशील तसं."

मग आम्ही तिघींनी त्या खोलीत पलंगावर बसून हेरिंग खाल्ले, आमच्या रीतीनं कच्चेच, शेपटी धरून, मान मागे टाकून. मारिट नाक मुरडत होती, पण दोन खाल्ले तिनं.

गावात परतल्यावर पहिला आठवडा नेलला जमेचना. पुढच्या खोलीत ती पाहुण्यासारखी बसायची, पिशवी मांडीवर घेऊन. दर तासाला उठून काहीतरी पुसायची. चौथ्या दिवशी मी गेले तर बाई परसात! "किटली विसरले होते," म्हणाली. डोंबलाची किटली! मी परसातल्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. मग खणातले फोटो काढून एकेक भिंतीवर लावले. आमच्या आईचा, यापचा, मारिटच्या पोरांचा. जूनमध्ये त्या भिंतीवर आमची माणसं पहिल्यांदाच चढली असतील.

तीस जूनला, डॉक्टरला उत्तर द्यायच्या दिवशी, संध्याकाळी मी पत्ते घेऊन गेले. नेल वरच्या खोलीत खिडकीशी होती, आणि खुर्चीत अगदी मागे रेलून बसली होती. समोर सगळा समुद्र. पोरं अजून पाण्यात होती, त्यांच्या आया काठावरून ओरडत होत्या, सूर्य खाली यायला लागला होता आणि खोलीत पलंगापर्यंत ऊन आलं होतं. हिवाळ्यात ते ऊन त्या खोलीत येतच नाही.

मी पत्ते वाटले. तिनं उचलले नाहीत.

"वन्सं, हे रोज असंच असतं?"

"पाऊस नसला तर."

"हे मी दर वर्षी दुसऱ्याला दिलं," नेल म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "यापसुद्धा म्हणायचा हो, एक उन्हाळा आपण पुढे राहू. मीच म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. छप्पर करायचंय, मारिटची फी भरायचीय. मीच म्हणायची."

मी तिचा हात धरला. आमच्यात तसली पद्धत नाही, पण धरला.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, नाक शिंकरलं. "होखलँडना फोन करा आजच. मला नको सांगायला, मी भिडेला बळी पडेन. सांगा, घर विकायचं नाही. जुलैत यायचं असेल तर परसात या म्हणावं. भाडं निम्मं."

"परसात? त्याची उंची बघितलीस? डोकं आपटेल त्याचं दाराला."

"यापचंही आपटायचं," ती म्हणाली.

एवढ्यात खाली घंटी वाजली. गुडघे धरत नेल जिना उतरली, तिच्या मागे मी. दारात एक तरुण जोडपं, पाठीवर पिशव्या, उन्हानं लाल झालेलं. जर्मन असावेत. त्यांनी हॉलमधून आत नजर टाकली. सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती आणि आत कोणीच नव्हतं.

"आजी, दोन रात्रींसाठी एखादी खोली मिळेल का?" पोरीनं विचारलं.

"नाही गं बाळ," नेल म्हणाली. "घर भरलंय."