चिंचेची उंची

शाळेच्या मैदानावर मुलं आता भर उन्हात डबे खातात. ते पाहिलं की मला नववीचा एक तास आठवतो. समरूप त्रिकोण फळ्यावर न शिकवता मी मुलांना बाहेर नेलं होतं. काठीची सावली मोजायची, मैदानातल्या चिंचेची सावली मोजायची आणि त्यावरून चिंचेची उंची काढायची. एरवी गणिताला घाबरणारी ऋतुजासुद्धा टेप घेऊन धावत होती. सगळ्यांच्या आधी तिचंच उत्तर आलं. ती आनंदानं ओरडली, "सर, ही चिंच आडवी झाली तर आपल्या वर्गापर्यंत पोचेल!"

व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी ते ऐकलं. "मग धोकाच आहे की," ते म्हणाले.

आठवड्याभरात चिंच तोडली. पडलेल्या झाडाला मुलांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत टेप लावला. उत्तर जुळलं, तशा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हाताने शिकलेलं असं पक्कं होतं.

ऋतुजा मात्र माझ्याजवळ आली. "सर, माझं उत्तर चुकलं असतं, तर झाड राहिलं असतं ना?"

"पण तुझं उत्तर बरोबर होतं," मी म्हणालो आणि तिला पैकीच्या पैकी गुण दिले.