उजव्या डोळ्यावरचा बिल्ला

निवृत्त होताना बहुतेक प्रकरणं मी फायलींबरोबर ठाण्यातच ठेवून आलो. एक लाल लोकरी टोपी मात्र मनातून गेली नाही.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या बाहेर एका छोट्या गावात मी डिटेक्टिव्ह होतो. एका सोमवारी शिफ्ट बदलायच्या वेळेस डॉक्टरकाका ठाण्यात आले. मूळचे नागपूरचे, निवृत्त सर्जन. मराठी मंडळात सगळे त्यांना काकाच म्हणत.

"चोरी झालीय," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"टोपी."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी गालात हसला. काका हसले नाहीत. तक्रारदार ओळखीचा असल्याचं मी सार्जंटना आधीच सांगितलं. त्यांनी तपास माझ्याकडेच ठेवला.

काकांच्या घराचं तळघर पाहिल्यावर मला हसू आलं नाही. इंडोचायनाच्या लढाईत उतरलेल्या फ्रेंच छत्रीधारी सैनिकांचे गणवेश तिथे टांगलेले होते. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांची जॅकेटं, आणि उडी मारताना वारा आत शिरू नये म्हणून मांड्यांमधून पुढे घेऊन अडकवायची त्यांची कापडी शेपटी. छातीवर उजव्या बाजूला लावायचे धातूचे पंख, मागच्या बाजूला प्रत्येकाचा क्रमांक ठोकलेला. कुठे धूळ नाही, कुठे खोटी चमक नाही. फाटलेलं फाटलेलंच ठेवलेलं. इतक्या निगुतीने ठेवलेला मुद्देमाल मी आमच्या खात्यातही पाहिला नव्हता.

टोपी, म्हणजे त्या सैनिकांची बिल्ला लावलेली लाल बेरे टोपी, होती काकांच्या पहिल्या घरमालकाची. हा फ्रेंच माणूस त्या लढाईत लढून नंतर अमेरिकेत स्थायिक झालेला. काका शिकाऊ डॉक्टर म्हणून इथे आले, तेव्हा त्याने त्यांना गॅरेजवरची खोली दिली आणि पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोटही. मरण्याआधी त्याने टोपी काकांच्या हातात ठेवली. बाकीचा संग्रह त्या टोपीसाठी जमत गेला.

"शनिवारी मित्राला दाखवली," काका म्हणाले. "तळघरात ओल आली होती, म्हणून धोतरात गुंडाळून वरच्या कपाटात ठेवली. जुनं सुती धोतर, धुऊन मऊ झालेलं. लोकरीला त्याच्यासारखं काही नाही. काल रात्री पाहतो तर नाही."

"बाहेरचं कोण आलं होतं घरी?"

"फक्त तो," काका खाली बघत म्हणाले. काकूंनीही मान डोलावली.

तो म्हणजे एक अमेरिकन डेंटिस्ट, निवृत्त. दोघांची मैत्री याच गणवेशांवर जुळलेली. जबाबावर त्याचं नाव लिहून देताना काकांचा हात थांबला. "लिहायलाच हवं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

जुन्या लष्करी वस्तू विकणाऱ्यांना मी टोपीबद्दल कळवून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात त्यातल्या एकाचा फोन आला. त्यांच्या बाजारात एक म्हातारा टेबलाटेबलाशी थांबून फ्रेंच लाल टोपीचा भाव विचारत होता. वर्णन डेंटिस्टशी तंतोतंत जुळलं. चोरी करणारा भाव काढतोय, असं मला वाटलं. आमच्या धंद्यात असंच वाटतं.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. "तुम्हाला अटक झालेली नाही, हवं तेव्हा उठून जाऊ शकता," हे आधी सांगितलं. तो बसून राहिला.

"डॉक्टरांच्या घरून टोपी गेलीय. त्यांनी तुमचं नाव दिलंय."

त्याचा चेहरा पडला. मग त्याने विचारलं, "ती गुंडाळलेली होती ना? नुसती पडली असेल तर कसर लागेल."

"तुम्ही बाजारात भाव का विचारत होता?"

"कुणी विकायला आणली, तर दुसऱ्याच्या हाती पडण्याआधी घेऊन डॉकला परत द्यावी म्हणून. टोपी गेल्याचं त्यानेच सांगितलं होतं मला. माझ्यावर संशय आहे, हे नव्हतं सांगितलं." तो थोडं हसला. "डॉकला म्हणावं, माझ्या संग्रहात लाल टोपी शोधूच नकोस. तुझ्यासारखी मला कधी मिळाली नाही."

उठताना म्हणाला, "ऑफिसर, एक लक्षात ठेवा. ते लोक टोपी डावीकडे ओढतात, बिल्ला उजव्या डोळ्यावर येतो. बाकी बहुतेक सैन्यांत उलटं. बिल्ला डावीकडे दिसला तर समजा, ज्याच्याकडे ती आहे त्याला ती काय आहे हेच माहीत नाही."

संध्याकाळी घरी जेवताना बायकोने फोन पुढे केला. मंडळाच्या नाटकाच्या तालमीचे फोटो. "हा बघ आपला जवान, कसला स्मार्ट दिसतोय!" भारतीय छत्रीधारी जवान झालेला एक तरुण इंजिनिअर, डोक्यावर लाल टोपी, बिल्ला डाव्या डोळ्यावर. मी फोटो मोठा केला. बिल्ल्यावर पंख असलेला हात होता, मुठीत खंजीर. काकांनी दिलेल्या वर्णनात हेच होतं.

ताट तसंच ठेवून शाळेच्या हॉलवर गेलो. माझा पोलिसांचा बॅज पाहून जवान दचकला. "काका, आय स्वेअर, मला फक्त ॲक्टिंग करायला सांगितलंय!"

टोपीच्या आतल्या पट्टीवर घरमालकाची आद्याक्षरं होती. उजवीकडे बिल्ल्याची जुनी भोकं, डावीकडे दोन नवी.

वेशभूषा सांभाळणाऱ्या ताई पुढे आल्या. "अहो, काकूंकडूनच आणली! धोतरं हवी होती, त्या म्हणाल्या वरच्या कपाटातली सगळी घेऊन जा. एकात ही निघाली. म्हटलं, किती विचार करतात काकू, जवानाची टोपीसुद्धा पाठवली! बिल्ला तेवढा चुकीच्या बाजूला होता, तो मी नीट लावला."

टोपी घेऊन काकांकडे गेलो, झालं ते सांगितलं. काकू डोक्याला हात लावून बसल्या. "ती धोतरं न्यायला रविवारी सकाळी आली होती खरी. पण तुम्ही बाहेरचं कोण आलं ते विचारलंत. मंडळातली पोर बाहेरची कशी?"

काकांनी टोपी छातीशी धरली. "त्याला कोणत्या तोंडाने फोन करू?"

"मी केलाय," मी म्हटलं. "येतोय तो."

डेंटिस्ट आला. काका उठून उभे राहिले. त्याने आधी टोपी दिव्याखाली धरली, आतून-बाहेरून बोट फिरवून कसर लागलीय का ते पाहिलं. मग बिल्ला काढून उजवीकडच्या जुन्या भोकांत बसवला आणि टोपी काकांच्या हातात दिली.

"मी तुझं नाव लिहून दिलं," काका म्हणाले.

"तुझ्या जागी मी असतो तर मीही तुझंच दिलं असतं. दुसरं कोण ओळखतं हिची किंमत?"

"आणि ही नवी भोकं?"

"राहू देत. लढाईनंतर नाटकातही काम केलंय तिने."

पहिल्या हसल्या त्या काकू. "आता धोतरावर चिठ्ठी लावून ठेवा, आत काय आहे त्याची."

त्यानंतर चौकशीच्या खोलीत समोर बसलेला माणूस पहिला प्रश्न कशाबद्दल विचारतो, याकडे मी कान देऊ लागलो. बहुतेक जण स्वतःबद्दल विचारतात, आणि त्यात वावगं काही नाही; निरपराध माणूसही घाबरतोच. पण चोरीचा आळ समोर असताना ज्याला आधी वस्तूला कसर लागेल याची काळजी वाटते, त्याच्याबाबत मी घाई करायचं सोडलं.

माझी स्वतःची पोलिसांची टोपी आता आमच्या कपाटात आहे, वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली. वर टाचणीने चिठ्ठी लावली आहे: नाटकासाठी नाही.