इंजिनात पडलेल्या अक्षता

आमच्या दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, ज्यातलं काही कळत नाही त्यात आधी नाक खुपसायची सवय आहे. चाकूरजवळ एका गावात माझी पिठाची गिरणी आणि मिरची कांडायचा डंका आहे. लाईटीचा भरवसा नाही, म्हणून दोन्ही चालतात ते सासऱ्यांच्या वेळच्या डिझेल इंजिनावर. ऐन माघात ते जाम झालं. चैतापर्यंत सुरू झालं नाही तर मिरचीची गिऱ्हाइकं दुसरीकडं जाणार, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. दाजींनी कुणी न विचारताच निकाल दिला, भंगारात घाला. स्वतःच्या गाडीचा प्लग काढता येत नाही, पण निकाल कायम खिशात.

मी उदगीरहून एक म्हातारे मिस्त्री बोलावले. ते म्हणाले, सिलिंडर लातूरला नेऊन आतून कातून घेऊ, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकू, बाकी जुन्यावर भागवू. माझ्याकडचे पैसे तेवढ्यातच संपले. सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामध्ये तांब्याचा पत्रा बसतो, त्याला गॅस्केट म्हणतात. तेवढं नवं घ्या, असं मिस्त्री दोनदा म्हणाले. मी जुनंच डिझेलनं धुऊन, पुसून त्यांच्यापुढं ठेवलं. दुकानदारांना बाई दिसली की नवं गळ्यात मारायची हौस येते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

हेड बसवायच्या दिवशी दाजी हजर. हात रिकामे, तोंड भरलेलं. मिस्त्री चहाला गेले आणि दाजींना पूजा आठवली. "देवाला इचारल्याबिगर लोखंड चालतंय व्हय?" म्हणत त्यांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं. मग माझ्याच सुपातल्या ज्वारीला कुंकू चोळून मूठभर अक्षता वर उधळल्या. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्याच असतात. सिलिंडरचं तोंड उघडं होतं. मी ओरडेपर्यंत अर्धी मूठ आत गेली होती. मिस्त्रींनी येऊन दाणा न दाणा वेचला, फडक्यानं पुसलं, बॅटरी मारून बघितलं आणि मुकाट्यानं हेड बसवलं. त्यांच्या सबुरीचासुद्धा मला राग आला.

इंजिन पंधरा दिवस झकास चाललं. मग त्याचा दम जायला लागला, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडबुडे यायला लागले आणि एका दुपारी ते बंदच पडलं. दारात आलेली मिरचीची पोती पुढच्या गावाला निघाली. कारण शोधायची मला गरजच वाटली नाही.

त्याच आठवड्यात नात्यात लग्न होतं. मंडपात अक्षता वाटत असताना मी चारचौघांत म्हणाले, "दाजी, आज नवरा-नवरीवरच टाका बरं. इंजिन घरी हाय."

सगळे हसले. दाजी मूठ मिटून खाली बघत उभे राहिले. मंगलाष्टकं संपली तरी त्यांनी अक्षता टाकल्याच नाहीत. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अक्का न जेवता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हेड उघडलं. आत एक दाणा नव्हता, सिलिंडरवर एक ओरखडा नव्हता. त्यांनी गॅस्केट उचलून माझ्या हातात दिलं. एका बाजूनं ते बोटभर जळून फाटलं होतं.

"ज्वारीचा काई कसूर न्हाई, बाई," ते म्हणाले. "ह्ये तुमचं हाय."

नवं गॅस्केट मी त्याच दिवशी लातूरहून आणलं. घासाघीससुद्धा केली नाही. इंजिन तेव्हापासून विनातक्रार चालतंय. गिऱ्हाइकं निम्मी परत आली. अक्का पंचमीला आली नाही, दिवाळीलाही नाही.

दाजी बिनडोक आहेत, या मतात माझा अजून काही बदल नाही. पण गॅस्केटचं त्यांना सांगणं माझ्याच्यानं झालेलं नाही. ते जळकं गॅस्केट गिरणीतल्या खिळ्याला टांगलंय. दळण घेऊन आलेल्या बाया कधी विचारतात, ह्ये काय म्हणून. मी त्यांना दाजींच्या अक्षतांची गोष्ट सांगते. त्या पोट धरून हसतात.