ठेकेदाराचे पाच हप्ते

महाराष्ट्र राज्य होऊन तीनचार वर्षं झाली असतील. मी देऊळघाटच्या शाळेत मास्तरीण होते, यजमान एस.टी.त कंडक्टर. ते सदा मुक्कामी गाडीवर, म्हणून घर बांधायचं ठरलं तेव्हा ठेकेदाराशी बोलणं माझ्याच अंगावर आलं.

ठेकेदार बुलढाण्याचा, गोड बोलणारा. हप्त्यांचा कागद त्यानं शाळेत आणून दिला. पाया खोदण्याआधी रुपयातले सहा आणे, जोतं झालं की पाच, चौकटी बसल्या की तीन, पत्रे चढल्यावर एक आणि गिलाव्यानंतर शेवटचा एक आणा. आठ दिवसांत सही करा, नाहीतर परमिटचं सिमेंट दुसरीकडे जाईल, असं सांगून तो गेला.

त्याच्या आदल्याच आठवड्यात धाड गावच्या बाजारात मी एक घर पाहिलं होतं. भिंती कमरेएवढ्या, आत तरोट्याचं तण माजलेलं. बांधणारा पैसे घेऊन गेला तो आलाच नाही, असं भाजीवाली म्हणाली होती. आमचा पैसा म्हणजे यजमानांचं फंडावरचं कर्ज आणि माझ्या मोडलेल्या पाटल्या. तो बुडाला तर पुन्हा उभा राहणार नव्हता. जेवण जाईना. वह्या तपासताना बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या. यजमानांना विचारलं तर म्हणाले, तुला ठीक वाटेल ते कर. त्यानं तर माझी भीती दुप्पट झाली.

सासूबाईंनी पंधरावीस वर्षं बांधकामांवर दगडमाती वाहिली होती. अक्षरओळख नव्हती. त्यांनी कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचत गेले. जोत्यापाशी त्यांनी मला थांबवलं. दगड आपल्याच वावरातला, मग पायाला एवढा खर्च कशाचा, असं विचारलं. मग म्हणाल्या, "जोतं झाल्यावर त्याच्यापाशी अकरा आणे, आन् आपल्यापाशी नुसतं जोतं. मंग त्यानं काऊन यावं?"

आम्ही नवे हप्ते मांडले: दोन, तीन, चार, चार, तीन. ठेकेदार आला तेव्हा मी तो कागद पुढे केला. त्यानं सावकाश वाचला.

"बाई, माझ्यावर भरोसा नाही का?"

सासूबाई म्हणाल्या, "भरोसा हाय म्हनून तं बोलावलं. काम होईन तसा पैसा देऊ."

कागद खिशात घालून तो सायकलवर निघून गेला. बारा दिवस काही निरोप नाही. सिमेंट गेलं, घर गेलं, असं मी धरून चालले. एका दुपारी सासूबाईंना बोललेही, की तुमच्यामुळे हे झालं. त्या ज्वारी निवडत होत्या, निवडत राहिल्या.

तेराव्या दिवशी तो आला. हप्ते कबूल, पण आधी घालायला माझ्यापाशी पैसा नाही, लाकूड आणि पत्रे तुम्हीच दुकानातून आणा आणि ती रक्कम हप्त्यांतून वळती करा, म्हणाला. मग खाली मान घालून बोलला, "खरं सांगतो बाई, तुमच्या पहिल्या हप्त्यातून मला दुसऱ्याच्या घराचे पत्रे आणायचे होते." सही करायच्या आधी मी यजमान घरी येईपर्यंत थांबले.

काम सरळ झालं नाही. चौकटी बसल्यावर तो महिनाभर फिरकला नाही. शाळेतून येताना मी रोज त्या उघड्या भिंती पाही आणि मला धाडचा तरोटा आठवे. पण त्याचे पैसे अजून आमच्याकडे होते, म्हणून तो परत आला. पत्रे चढले, गिलावा झाला. सासूबाईंनी बोटांच्या पेरांनी भिंती वाजवून पाहिल्या. मधल्या खोलीत एक जागा पोकळ वाजली. ती त्यांनी उकरून पुन्हा भरायला लावली आणि मगच शेवटचा हप्ता मला देऊ दिला.

त्या दुपारच्या बोलण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली ती नव्या घरात राहायला गेल्यावर. त्या म्हणाल्या, "मले बी भेव वाटतच होतं, पोरी. तुले सांगतलं असतं तं तू त्याच्या पयल्या कागदावर सहीच करून टाकली असती."