शक्तीच्या पावडरीविरुद्ध मी

कोल्हापुरात राहून आमची लेक साधं दूध पीत नव्हती. (हे वाक्य बाहेर बोलायचं नसतं. लोक समाचाराला येतात.) तिसरीतल्या गार्गीला दुधात चॉकलेटी पावडर लागायची. तीच ती टीव्हीवरची, जी पिऊन एक पोरगा उंच होतो, शर्यत जिंकतो आणि वर गणितातही पहिला येतो!

मी बायकोला ठणकावलं, "रविवारी ही पोरगी साधं दूध प्यायली न्हाय, तर त्या पावडरीच्या डब्याबद्दल जन्मात बोलणार न्हाय!"

"अरे वा!" ती म्हणाली. "म्हंजे सोमवारपास्नं घरात शांतता!"

मनाई करण्यापेक्षा पोरीचं कुतूहल जागं करावं म्हणून तिला टीव्हीपुढं बसवलं. "जाहिरात तोंडानं एक बोलती, पोटात दुसरंच असतंय. ते शोधायचं."

गार्गीनं डोळे बारीक केले. "त्यातली आई पावडर घालताना हसतीया. म्हंजे जी घालत न्हाय ती आई वाईट?"

"शाबास! हाच तो छुपा संदेश!"

"पण ह्यात बाबा कुठं हायत?"

खरंच की! जाहिरात पुन्हा लक्ष देऊन बघितली. घरात कुत्रं होतं, बाप नव्हता.

"तेवढं एक खरं दाखवलंय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

आता प्रश्न पावडरीचा उरला नाही, समस्त बापजातीच्या अब्रूचा झाला! रविवारी संध्याकाळी गार्गीला घेऊन दूधकट्टा गाठला. तिथं म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळ दूध तसंच ग्लासात देतात. म्हशीवाले मामा माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीचे. भोवती आणखी काही पोरं, आयांसकट.

"पी बाळ, पैलवान हुशील!" मामांनी ग्लास पुढं केला.

"बाबा, ही पण जाहिरातच हाय," गार्गी म्हणाली. "ह्यात काय लपवलंय?"

"लपवतोय कशाला?" मामा भडकले. "म्हस समोर उभी हाय की!"

"मग हे पिऊन कोण पैलवान झालंय?"

मामांना पुरावा हवा होता आणि दुर्दैवानं तो शेजारीच उभा होता. "ह्यो तुझा बा! तुझ्याएवढा हुता तवापास्नं माझ्याकडंच पितोय. बघ की!"

अख्खा कट्टा माझ्याकडं वळला. मी पोट आत घेतलं. (ते आलं नाही.) छाती काढायला गेलो तर ठसका लागला. गार्गीनं मला टकलापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. इतक्या कुतूहलानं तिनं एकही जाहिरात बघितली नव्हती! मग ग्लास अलगद खाली ठेवला.

"मला नको."

"आई, मला पण नको!" शेजारचं पोरगं म्हणालं. त्याच्या पलीकडचीनं तर नुसतं माझ्याकडं बोट दाखवलं.

डबा जिंकला होता. मामांनी मला म्हशीआड ओढलं आणि कानाशी लागून म्हणाले, "लेका, तुला लागंल तेवढं दूध पी. पैसंबी नगंत. पर कुणाच्या म्हशीचं पितोस, ते गावात कुणाला सांगू नगंस!"