एस्तेरची दिवेलागण

दिवेलागणीला एस्तेरच्या नंबरवरून फोन वाजला, आणि तो उचलायच्या आधीच मी हातातलं सूप खाली ठेवलं. मी नांदेडला मुलाकडे असते. सून कणीक मळत होती. "काय झालं आई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "एस्तेर गेली." ती म्हणाली, "अहो, आधी उचला तर..." पण त्यात उचलून कळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्या वेळेला एस्तेरनं कुणाला फोन केला नाही की कुणाचा घेतला नाही. दिवस मावळला की तास-दीड तास ती जगाला नसायची. त्या वेळेला तिचा फोन येतोय म्हणजे तो दुसऱ्याच्या हातात आहे. पलीकडे तिचा भाचा शमुवेल होता. "विमलमावशी..." एवढं तो म्हणाला, आणि मीच विचारलं, "कधी?"

रडून झालंय माझं. हे लिहायला बसले ते रडण्यासाठी नाही, संतापानं बसले. लातूरला चर्चच्या हॉलमध्ये तिची स्मरणसभा झाली, तेव्हापासून तो उतरायला तयार नाही. सभा दुपारची ठेवलेली, सुरू झाली उन्हं कलल्यावर, कारण पाहुणे यायचे होते. ज्या बाईनं जन्मात कुणाला ताटकळत ठेवलं नाही तिच्या सभेला दीडशे माणूस पंख्याखाली घाम पुसत बसलेलं! मुख्य पाहुणे म्हणजे आमच्या कचेरीचे जुने साहेब. कुठलं खातं ते सांगत नाही, माझी पेन्शन अजून तिथूनच येते. साहेबांनी माईक धरला आणि म्हणाले, "एस्तेरबाई चंदनासारख्या झिजल्या. नोकरीत त्यांनी कधी घड्याळाकडे पाहिलं नाही." त्यांच्यामागून चर्चच्या कमिटीतले एक वडील उठले. म्हणाले, "मंडळीच्या कामाला बाई कधी नाही म्हणाल्या नाहीत." हो तर, आणि मी लातूरची महाराणी! माणूस मेल्यावर त्याचं तोंड बंद होतं, म्हणून त्याच्या तोंडात काय वाट्टेल ते घालायचं का? झिजली नाही हो ती. तुम्ही झिजवायला निघाला होतात, ती झिजली नाही, एवढंच मला सांगायचं होतं. सभेत मला दोन मिनिटं देतो म्हणाले होते. त्या दोन मिनिटांचं काय झालं ते शेवटी सांगते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची आमची ओळख. कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या, पण आत टेबलं नव्हती. जुन्या जिल्ह्यातून कागदांची गाठोडी ट्रकनं यायची आणि व्हरांड्यात पडायची. मी मुखेडकडची, लग्न होऊन लातुरात आलेली नवी कारकून. ती जळकोटजवळच्या खेड्यातली, टायपिस्ट. मी बौद्ध, ती ख्रिस्ती, आणि दोघींच्या खोल्या एकाच गल्लीत. तिच्याकडे तिची आई, सगुणामावशी. मावशींना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. चुलीपासून रांजणापर्यंत, रांजणापासून खाटेपर्यंत, हातानं चाचपत त्या घरभर फिरायच्या. एस्तेरला स्थळं आली होती, पण आईसकट न्यायला एकही गडी तयार नव्हता, तेव्हा तिनं तो विषयच बंद केला. त्यात पावसानं दडी मारलेली. गल्लीत टँकर यायचा तो बहुतेकदा नेमका रविवारी सकाळी, तिच्या उपासनेच्या वेळेला. ती रांगेत घागर ठेवून चर्चला जायची आणि मी ती पुढं सरकवत राहायची. जयंतीच्या दिवशी टँकर आला आणि मी मिरवणुकीत असले की माझी घागर ती सरकवायची. यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत, आणि त्याचं आजवर कुणी भाषणही केलं नाही.

कामाला ती वाघीण होती. आम्ही चहाच्या गाडीवर साहेबांच्या नकला करायचो तेव्हा ती आत बसून टकटक टकटक करत असायची. मी तिला 'बाई मशीन' म्हणायची. ती मला म्हणायची, "विमल, स्वतःच्या लग्नाला तरी तू टायमावर आलतीस का गं?" पण कचेरी सुटायची वेळ झाली की हातातली ओळ पूर्ण करायची आणि मशीनवर झाकण टाकायची. ते झाकण सरकारी नव्हतं. मावशींच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं तिनं घरी शिवलेलं होतं. ते पडलं की पुरुष मंडळी म्हणायची, "चला, बाईंचा पडदा पडला." पडला तर पडला! घरी जाऊन ती हातपाय धुवायची, आईच्या खाटेशी बसून शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, थोडं वाचायची, मग दोघी एक गीत म्हणायच्या आणि मग जेवायच्या. ते झाल्याशिवाय मावशी घास घ्यायच्या नाहीत. एकदा मी मावशींना म्हटलं, तुम्ही आधी खाऊन घेत जा की. तर म्हणाल्या, "मला ऊन दिसतंय का चांदणं, पोरी? एस्तूचा आवाज आला की माझा दिवस मावळतो. तवर दिवस हाय का रात, काय बी कळत न्हाई बघ."

आता तुम्हीच सांगा, आंधळ्या बाईचा दिवस मावळायचा की नाही, हे कुणी ठरवायचं? साहेबानं? कमिटीनं? कारण कमिटीही मागं नव्हती. एस्तेर चर्चच्या महिला मंडळाची पुढारी होती, रविवारी मुलांना शिकवायची, नाताळात पोरांची नाटकं बसवायची. मग कुणाच्या तरी सोयीनं मंडळाची बैठक संध्याकाळी ठेवायचं ठरलं. तिनं सरळ सांगितलं, संध्याकाळी जमणार नाही, दुपारी ठेवा. त्यावर हेच वडील, ज्यांनी परवा माईक धरला तेच, म्हणाले, "आईला प्रभूवर सोपवा आणि या." ती म्हणाली, "प्रभूनं तिला माझ्यावर सोपवलंय. परत कशी करू?" पुढच्या महिन्यात मंडळाला नवी पुढारी मिळाली. आणि परवा म्हणे बाई कधी नाही म्हणाल्या नाहीत!

ती हट्टी होती, पण आंधळ्या हट्टाची नव्हती. त्या उन्हाळ्यात एका रविवारी मी कचेरीवरून येत होते. पायरीवर खेड्यातली माणसं डोक्याला हात लावून बसलेली. टँकरचे हुकूम निघायचे होते, सही करणारा अधिकारी आत बसून होता, पण टाइप करायला कुणी नव्हतं. एस्तेर पांढरी साडी नेसून चर्चला निघालेली मला कोपऱ्यावर भेटली. मी सहज बोलून गेले. ती थांबली. "कवापासून बसलीत?" म्हणाली. "पहाटधरनं." तिनं हातातलं शास्त्र माझ्याकडं दिलं आणि वळली ती थेट कचेरीकडं. शेवटचा हुकूम निघेपर्यंत उठली नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात तिला विचारलं गेलं, उपासना सोडून कचेरी? साहेबाची भीती देवापेक्षा जास्त का? घरी आल्यावर ती मला म्हणाली, "देवाचं पहिलं म्हंजे पहिल्या बाकावर बसणं न्हाई, विमल. तहानलेला माणूस दारात ठिवून मी काय तोंडानं गाणार होते?" तिचं आधी काय आणि मग काय, हे असं होतं. ती घड्याळाची गुलाम नव्हती, पण तिची वेळ कुणालाही फुकापासरी मिळत नव्हती.

आणि मग ते मानपत्र. नव्या जिल्ह्यात कुणी मोठे पाहुणे यायचे होते. विहिरी कोरड्या ठाक, बायका घागरी घेऊन रानोमाळ हिंडतायत, आणि आमच्या कचेरीत पाहुण्यांच्या गौरवाचा मजकूर चार वेळा बदलून झाला होता. कचेरी सुटायच्या वेळेला साहेब पाचव्यांदा बदललेला कागद घेऊन आले. एस्तेर झाकण टाकत होती.

"बाई, हे आत्ता पाहिजे."

"उद्या आल्याबरोबर पहिलं हेच करते, साहेब. पाहुणे परवा आहेत."

"आम्ही इथं घड्याळाकडे बघत नाही, एस्तेरबाई."

"मी बघते, साहेब. माझ्या आईला घड्याळ दिसत नाही, म्हणून मला बघावं लागतं." मग झाकणाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "टँकरचा कागद असता तर थांबले असते."

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. ती पिशवी उचलून निघून गेली. महिना संपायच्या आत तिची उदगीरला बदली झाली, आणि तोंडावर आलेली बढती दुसऱ्याला गेली. जाताना तिनं मशीनवरचं झाकण काढून घडी करून पिशवीत घातलं. साहेबांचा शिपाई म्हणाला, "बाई, ते कचेरीचं हाय न्हवं?" ती म्हणाली, "मशीन सरकारचं. झाकण माझं."

उदगीरला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मावशींचा हात भाजलेला होता. नवं घर, नव्या भिंती. चूल कुठं, उंबरा कुठं, काही ठाव नाही. शेजारणी अर्ध्या कानडीत बोलणाऱ्या. लातूरचं ते घर त्यांना डोळ्यांसारखं होतं, आणि ते एका मानपत्रासाठी काढून घेतलं होतं. मी साहेबांना तोंडभर शिव्या दिल्या. त्या दिवशी एस्तेरच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. म्हणाली, "मी थांबले असते तर, विमल? एक दिवस?" उत्तर खाटेवरून मावशींनी दिलं. "आज मानपत्र, उद्या कुणाचं तरी बारसं. एकदा थांबलीस का रोज थांबवतील तुला. घर नवं हाय तर हाय. दिवस माझा जुन्याच टायमाला मावळून राहिला की!" मावशी तिथं पुढं बरीच वर्षं जगल्या आणि एका संध्याकाळी गीत म्हणता म्हणताच गेल्या. एस्तेर त्यांच्या उशाशी होती. बढती मिळालेली माणसं आपापल्या आयांच्या उशाशी होती का, हे मी विचारत नाही. विचारलं तर भांडण होईल.

नोकरी संपल्यावर एस्तेर लातूरला त्याच गल्लीत परत आली, आईची खाट घेऊन. आई नव्हती, पण ती वेळ तिनं मोडली नाही. मोबाइल आला तेव्हा दिवेलागणीला तो स्टुलावर ठेवायची आणि वर ते हिरवं झाकण टाकायची. मी हसायची. "अगं, बंद कर की सरळ." "बंद कशाला? वाजू दे की. त्याचं काम त्यो करतोय, माझं मी करते." मी नांदेडहून आले की खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसायची. ती वाचायची, मी शेंगा सोलायची. तिनं मला तिच्या देवाकडं कधी ओढलं नाही. एकदा मीच विचारलं, रोज एवढं काय मागतेस? म्हणाली, "मागत न्हाई गं. दिवसभर सगळे मलाच मागत असतेत, इथं तरी मागणं नको." आणि अशा बाईला हे लोक चंदन म्हणतात! चंदन सहाणेवर दुसरा कुणीतरी घासतो. ती कुणाच्या सहाणेवर गेलीच नाही, हाच तर या लोकांचा तिच्यावरचा राग होता. मेल्यावर तिला नेऊन ठेवली एकदाची.

तर सभा. भाषणं लांबतच गेली. हॉलच्या खिडक्या काळवंडल्या, कुणीतरी उठून दिवे लावले, आणि तेव्हा निवेदकानं माझं नाव घेतलं. "आता बाईंच्या मैत्रीण विमलताई दोनच मिनिटांत आपल्या भावना..." मी उठले. रात्रभर जागून मनात जुळवलेलं सगळं ओठांवर होतं. पण माईकपाशी पोचले आणि खिडकीबाहेर लक्ष गेलं. मी म्हटलं, "मी नाही बोलणार. एस्तेरची वेळ झाली." साहेब खुर्चीतून हसून म्हणाले, "अहो ताई, एवढे थांबलात, आता दोन शब्द तरी..."

"टँकरचा कागद असता तर थांबले असते, साहेब."

त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे. त्यांचं हसू तेवढं तिथंच राहिलं. मी चप्पल घातली आणि बाहेर पडले. शमुवेल मागून धावत आला, मला वाटलं थांबवतोय. त्यानं माझ्या हातात एस्तेरच्या घराची किल्ली ठेवली.

खोलीत सगळं जिथल्या तिथं होतं. स्टूल, त्यावर घडी केलेलं झाकण, भिंतीशी मावशींची खाट. मी माझ्या नेहमीच्या टोकाला बसले. पर्समध्ये फोन वाजायला लागला. हॉलवरून असणार, माझ्या वागण्याबद्दल असणार. मी तो काढून स्टुलावर ठेवला आणि झाकण उलगडून त्यावर टाकलं. त्याचं काम तो करत राहिला. त्या मायलेकींचं गीत मला पहिल्या दोन ओळींपलीकडं येत नाही, तेवढ्या दोन ओळी मी म्हटल्या... वाईट आवाजात. माणूस गेल्यावर कुठं जातो याबद्दल माझा आणि तिचा जन्मभर वाद होता. मी म्हणायची संपलं, ती म्हणायची भेटतो. दिवा न लावता मी तशीच बसून राहिले, आणि अंधारात रिकाम्या खाटेच्या उशाकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "मावशी, दिवस मावळला. एस्तू आली का?"