भावकीनं दाबलेली जाहिरात

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक जागा सोडून. आता कोणती ते लगेच विचारू नका, आधी ऐकून घ्या. चहा गार होतोय तुमचा.

कंपनीतून बाहेर पडल्यावर मी पिंपळे गुरवला आमच्या गॅलरीत बसून लोकांच्या ऑनलाइन जाहिराती लावायला लागलो. माझं एक मुख्य खातं, त्याच्या पोटात सगळ्या गिऱ्हाइकांची खाती. या खात्यातून बाहेर, त्या खात्यात आत. चाकणचा क्रेनवाला, एक दातांचे डॉक्टर, आणि दिवसभर जिवाला घोर लावणारी दोन मंगल कार्यालयं.

दोन, आणि तीही शेजारी शेजारी. मोशीच्या पुढं, हायवेला लागून. एक आबांचं, एक तात्यांचं. चुलत भाऊ; भिंत एक, पार्किंगं दोन, आणि कमान कुणाच्या बाजूला यावी यावरून बोलणं कैक वर्षं बंद. आबांनी काम देतानाच बजावलं होतं, त्या तात्याचं काम घेतलंस तर याद राख. मी छातीवर हात ठेवून 'छे छे' म्हणालो. पुढं तात्या आले, त्यांनीही तेच बजावलं. मी पुन्हा छातीवर हात ठेवला. आता दोघांचं काम एकाच छातीवर घ्यायचं म्हणजे धडधड होणारच, नाही का?

दोघांचं मागणं एकच: कुणी फोनवर मंगल कार्यालय शोधलं, की 'त्याच्या' वर 'मी' दिसलो पाहिजे. मग काय, सकाळी आबांना वर चढवायचं, दुपारी तात्यांना. एकटाच दोन्ही बाजूंनी बुद्धिबळ खेळत होतो, आणि दोन्ही बाजूंचा घाम मलाच.

एके दिवशी आबांचा फोन आला. या धंद्यात कुणी जाहिरातीवर बोट दाबलं, की मालकाचे पैसे कापले जातात. तर आबांचे दिवसाचे पैसे नाष्ट्याच्या आतच संपत होते, आणि मुलीच्या बापाचा फोन मात्र एकही नाही. मी खातं उघडून बघितलं. दाबणारे खंडीभर, आणि सगळे मोशीच्याच आसपासचे. आता 'मला कळत नाही' म्हणायला काय जात होतं माझं? पण सल्ला देणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघत नाही. मी आवाज खोल करून म्हणालो, "आबा, हे कुणीतरी वैरी मुद्दाम दाबतंय."

मग आबा म्हणाले, "वैरी आमाला एकच हाय. खाली येऊन थांब. गाडी घिऊन आलोच."

खाली उतरताना मी पायरीगणिक एक सबब शोधत होतो. कारण आदल्याच संध्याकाळी तात्यांनीही हीच तक्रार केली होती, आणि त्यांनाही मी वैरीच सांगून बसलो होतो. त्याच खोल आवाजात.

आबांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, साक्षीदार म्हणून. भोसरीला ट्रेलरांच्या रांगेत गाडी अडकली. आयुष्यात पहिल्यांदा त्या ट्रॅफिकला मी मनोमन हात जोडले. इतक्यात माझा फोन वाजला. तात्या! नशीब, त्यांचा नंबर मी 'दाताचे डॉक्टर' म्हणून ठेवला होता. आबांनी स्क्रीनकडं बघून 'उचल की' म्हटलं. उचलला. कानात तात्या गरजत होते, की वैरी कोण ते कळलं, आज आबाला धरतोच, तू पुरावा घेऊन ये.

"डॉक्टर, निघालोच आहे," मी म्हणालो. "मी येईपर्यंत फक्त हत्यारं काढू नका."

आबांनी कळवळून विचारलं, "दाढ किडली व्हय रं?"

"मुळापासून," मी म्हणालो.

पोचलो, तर तात्या कमानीखाली खुर्ची टाकून बसलेले. आबा उतरले ते थेट त्यांच्या पुढ्यात.

"माझी जाहिरात दाबतूस?"

"मी? तूच माझी दाबतूस. माझ्या जाहिरातवाल्यानं सांगितलंय."

"माझ्याबी जाहिरातवाल्यानं सांगितलंय. ह्यो बघ, संगंच आणलाय."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यो? ह्यो तर माझा हाय."

मी कमानीवरच्या प्लॅस्टिकच्या झेंडूचं बारकाईनं निरीक्षण करू लागलो.

तेवढ्यात आतून तात्यांच्या मंडळी, काकू, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भांडण काय ते ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अवो, भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी तुमच्या दोघांचाबी निरोप येतूय, फोनवर आमची जाहिरात शोधून बघा म्हून. मी दोन्ही दाबते. सगळीच दाबत्यात. एकाची दाबली आन् दुसऱ्याची ऱ्हायली, तर वाईट नगं वाटायला."

म्हणजे भावकी इमानेइतबारे दोन्ही कार्यालयांचे पैसे सकाळच्या चहाबरोबर संपवत होती! पण ग्रुपवर टाकायला सांगितलं कुणी? दोघांच्याही माना एकदमच माझ्याकडं वळल्या. जाहिरात सुरू झाली त्या दिवशी भाव खायला मीच दोघांनाही म्हणालो होतो, घरच्यांना दाखवा, दाबून बघू दे की सगळ्यांना.

दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. आबांनी शेजारची खुर्ची ओढली आणि इतक्या वर्षांनी तात्यांजवळ बसले.

तर आता ती खोटी जागा. डोळ्यांत पाणी आलं खरं, पण ते भावांच्या नव्हे, माझ्या. ते दोघं माझ्याकडं बोट दाखवून पोट धरून हसत होते. मग तिथंच, माझ्याच फोनवर, त्यांनी दोन्ही खात्यांवरचा माझा हक्क मलाच काढून टाकायला लावला. बटण दाबलं, तर स्क्रीननं विचारलं: नक्की काढायचं का? शेवटची आशा म्हणून मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

दोघं भाऊ एका सुरात म्हणाले, "व्हय."